शेतमालाची गाडी भरताना या चुका टाळा

नारायणगावचा टोमॅटो, चाकणचा कांदा, सासवडकडची सीताफळं. पुण्याच्या मार्केट यार्डात नाहीतर वाशीच्या बाजाराला निघालेल्या या मालाला वाटेत थांबणं परवडत नाही. म्हणून ओव्हरलोड गाडीचं खरं नुकसान दंडाच्या पावतीवर दिसतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपये, शिवाय जादा वजनाच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. म्हणजे तीन टन जास्त निघाले तर २६,०००. त्यावर जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. उतरवायचा खर्च आपला आणि मालाची जोखीमही आपलीच. उन्हात रस्त्याकडेला पडलेल्या टोमॅटोला नंतर कुठला भाव येणार?

"दंड भरला की सुटलो"

हा समज सगळ्यात महाग पडतो. पूर्वी काही राज्यांत पैसे भरून पास घ्यायचा आणि जादा माल तसाच पुढे न्यायचा, असं चालायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते बेकायदा ठरवलं. दंड भरला तरी जादा माल खाली उतरवावाच लागतो.

पासिंगचा आकडा ऐकून भरणं

हुंडेकरी, म्हणजे गाडी ठरवून देणारा, फोनवर "दहा टन पासिंग" म्हणतो. कुणी त्यात गाडीसकट एकूण वजन धरतो, कुणी फक्त मालाचं. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात घ्या. तिच्यावर दोन वजनं असतात, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं. वजाबाकी करा, तेवढाच माल.

पण ही वजाबाकीसुद्धा कागदावरची. नंतर हौदा, म्हणजे माल भरायचा भाग, उंच केला, लोखंडी जाळी बसवली, जादा स्टेपनी टाकली, तर गाडीचं रिकामं वजन वाढलेलं असतं. म्हणून ड्रायव्हर आणि डिझेलसकट रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला आणि ती पावती केबिनमध्येच ठेवा. भरल्यावर पुन्हा काटा करा. त्याचे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

आणखी एक. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसाच्या, वजनमर्यादा वाढवल्या. सहाटायरी, दोन एक्सलच्या ट्रकची एकूण मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. हे ऐकून जुन्या गाडीतही दोन टन वाढवणारे भेटतात. तुमच्या आरसीवर १६.२ असेल तर तुमच्यासाठी मर्यादा १६.२ टनच आहे.

क्रेट आणि पाणी विसरणं

वीस किलोचा क्रेट म्हणजे वीस किलो टोमॅटो. रिकाम्या क्रेटचंही दीड-दोन किलो वजन असतं. चारशे क्रेटमागे सहाशे ते आठशे किलो नुसतं प्लॅस्टिक! कांद्याच्या पन्नास किलोच्या गोणीत दोन-तीन किलो सहज जास्त भरतात. पालेभाजी धुऊन लगेच भरली, किंवा पावसात ताडपत्री उशिरा टाकली, तर पाण्याचं वजनही काट्यावर येतं. अंदाज नेहमी चढा धरा.

सगळा भार मागे

एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या एक्सलवर जास्त भार येऊ शकतो. उतरवायला सोपं म्हणून जड गोण्या फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराशी, रचल्या की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट पकडत नाही. दिवे घाटात हे फार धोक्याचं. जड माल खाली ठेवा आणि हौद्यात पुढून मागे सारखा पसरा. बाजूला किंवा मागे हौद्याबाहेर माल काढू नका, त्यालाही २०,००० रुपये दंड आहे. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही. भरलेली गाडी तिथे एकट्या ब्रेकवर आवरत नाही. डिझेल वाचवायला हा उतार वापरणाऱ्या ड्रायव्हरला माल देऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

परमिटचा गोंधळ

मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती (टाटा एस) त्यात बसतो. पिकअपची काही मॉडेल बसतात, काही नाहीत, म्हणून इथेही आरसीच पाहायची. फक्त महाराष्ट्राचं परमिट असलेल्या गाडीत बेळगाव किंवा सुरतेचा माल भरू नका, त्याला नॅशनल परमिट लागतं.

पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी गाडीतून शेजाऱ्याचा माल भाड्याने नेणं किंवा शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने लावणं गावोगाव चालतं. अपघात झाला की विमा कंपनी आधी हेच विचारते.

ड्रायव्हरवर ढकलता येत नाही

कायद्यात जादा वजनाची गाडी चालवणाऱ्याइतकाच ती चालवायला लावणाराही धरला आहे. मालक स्वतः चालवत नसेल, तरी त्याला माहीत होतं किंवा त्यानेच सांगितलं, असं मानता येतं. "अजून वीस गोण्या टाक रे" म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

अडवलंच तर

वजन करायला नकार देऊ नका, पळू तर नकाच. न थांबण्याचा किंवा वजन न करू देण्याचा दंड ४०,००० रुपये आहे. काट्याची पावती मागा आणि आपल्या रिकाम्या वजनाच्या पावतीशी ताडून पाहा. तोवर जवळच्या टेम्पोवाल्याला फोन लावा. त्याचा नंबर भरतीच्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेला बरा. आधी नाशवंत माल हलवा, कांदा-बटाटा दोन तास थांबू शकतो. माल विकून देणाऱ्या आडत्याला किती नग मागून येतायत ते लगेच कळवा, म्हणजे पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करताना घोळ होणार नाही.