जुन्या मराठी दस्तऐवजांचे रूपांतर: डॉकपासून डॉकएक्स, ओडीटी आणि पीडीएफपर्यंत

संस्थेच्या संगणकावर वर्षानुवर्षे साठलेली इतिवृत्ते, अहवाल आणि स्मरणिकांचे लेख नव्या फॉरमॅटमध्ये न्यायचे ठरले, की बहुतेक जण फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’ करतात आणि पहिले पान नीट दिसले की काम उरकले असे समजतात. मराठी मजकुराच्या बाबतीत एवढ्यावर थांबता येत नाही, कारण फाइलचा फॉरमॅट आणि तिच्यात अक्षरे ज्या संकेताने साठवली आहेत तो संकेत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिला बदलला तरी दुसरा होता तसाच राहतो.

म्हणून सर्वप्रथम फाइलची प्रत करावी आणि त्या प्रतीतील एखादा परिच्छेद निवडून त्याला मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी हा फॉण्ट देऊन पाहावा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात आहे. त्याऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसू लागली, तर तो श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेला आहे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो आणि फॉण्ट केवळ त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. अशी फाइल डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या नव्या फॉरमॅटची करून दिली आणि समोरच्याकडे तो फॉण्ट नसला, तर त्याच्या हाती ती पाच अक्षरेच पडतात.

अशा मजकुराचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. ‘शोधा आणि बदला’ वापरून हे साधत नाही, कारण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवला जातो, तर युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलट असतो. त्यामुळे त्या त्या फॉण्टसाठी तयार केलेला परिवर्तकच वापरावा. मात्र तो इंग्रजी शब्द ओळखत नाही. मराठी वाक्यात टाइम्स न्यू रोमनमध्ये लिहिलेले एखादे इंग्रजी नाव असेल, तर तेही देवनागरीच्या गिचमिडीत बदलून जाते. यावर उपाय असा की वर्डमधील ‘फाइंड’च्या ‘फॉरमॅट’ पर्यायात जुन्या फॉण्टचे नाव देऊन फक्त तेवढाच मजकूर शोधावा आणि तोच परिवर्तकातून काढावा. साध्या मजकुरावर चालणाऱ्या परिवर्तकात ठळक अक्षरे, तक्ते आणि तळटीपा नाहीशा होतात, त्यामुळे काम एकेका परिच्छेदाने करणे कंटाळवाणे असले तरी सुरक्षित असते. सभासदांचे पत्ते किंवा थकबाकी असलेली कागदपत्रे ऑनलाइन परिवर्तकावर चढवू नयेत.

यानंतर ‘ऱ्य’ तपासावा. काही परिवर्तक हा अर्धा र रफारात बदलून टाकतात आणि मग आचाऱ्यांना द्यायचे पैसे अहवालात आचार्यांना दिले जातात. शब्दतपासणीला दोन्ही रूपे मान्य असल्याने ही चूक डोळ्यांनीच पकडावी लागते.

संकेत मार्गी लागला की फॉरमॅटचे काम सोपे असते. डॉक हे वर्ड ९७ ते २००३ या आवृत्त्यांचे बायनरी फॉरमॅट असून डॉकएक्स वर्ड २००७ पासून रूढ झाले. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘इन्फो’ आणि ‘कन्व्हर्ट’ या मार्गाने गेल्यास दस्तऐवज जुन्या आवृत्त्यांशी जुळवून घेणाऱ्या सुसंगतता अवस्थेतून बाहेर येतो, पण मूळ फाइलची जागा नवी फाइल घेते. प्रत आधी करायची ती यासाठीही. फाइलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांचे संच असतील तर डॉकएक्स ते सामावून घेत नाही, त्यासाठी डॉकएम निवडावे. लिब्रेऑफिस हा वर्डला पर्याय असलेला मोफत संच वापरणाऱ्यांना ‘फाइल’ मेनूतील ‘विझार्ड्स’मध्ये ‘डॉक्युमेंट कन्व्हर्टर’ मिळतो आणि तो एका फोल्डरमधील सर्व डॉक फाइलींचे एकदमच ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसचे स्वतःचे फॉरमॅट करून देतो.

डॉकएक्स आणि ओडीटी यांपैकी एकच मूळ प्रत मानावी. एकाने वर्डमध्ये आणि दुसऱ्याने लिब्रेऑफिसमध्ये तीच फाइल आळीपाळीने साठवत राहिल्यास दर फेरीला क्रमांकन किंवा समास थोडा थोडा सरकतो. ‘स्टाइल्स’मधील शैली वापरून दिलेली शीर्षके बहुधा टिकतात. स्पेसबार दाबून मध्यभागी आणलेली शीर्षके मात्र फॉण्ट बदलताच विस्कटतात. लिनक्सवर मंगल सहसा नसतो, तेव्हा पानांची संख्या बदलू नये असे वाटत असेल, तर लिब्रेऑफिसमध्ये फाइलच्या गुणधर्मांतील ‘फॉण्ट’ या भागात जाऊन, परवाना मुभा देत असल्यास, फॉण्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावा.

पीडीएफ मात्र शेवटी, आणि केवळ वाटण्यासाठी करावी. तिच्यात अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा यांना प्राधान्य असल्याने देवनागरी मजकूर तिच्यातून पुन्हा वर्डमध्ये आणताना जोडाक्षरे आणि वेलांट्या अनेकदा तुटतात. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ निर्यात करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ हा पर्याय निवडल्यास मूळ ओडीटी त्याच फाइलमध्ये राहते आणि पुढे दुरुस्ती करायची वेळ आली, तर ती लिब्रेऑफिसमध्ये थेट उघडता येते.