वादळ येण्याआधी घरात काय काय करून ठेवावं

समुद्र लांब, मधे सह्याद्री, म्हणून चक्रीवादळ ही कोकणाची काळजी असं आपण नाशिककर धरून चाललो होतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलं आणि त्याचा वारा-पाऊस नाशिकपर्यंत पोचला. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरतो, पण पाऊस बरोबर येतोच. तेव्हा इशारा आला की हातातला एक दिवस घरासाठी काढा.

सुरुवात गच्चीपासून. विटा ठेवून दाबलेला पत्रा वाऱ्यात टिकत नाही. तो खाली उतरवून ठेवा. त्या रात्री शेजारच्या गच्चीवरचा पत्रा उडून आमच्या सोलरच्या नळ्यांवर आदळला. सकाळी काचा वेचताना एकच वाटत होतं, खाली कुणी उभं असतं तर? कुंड्या, कपडे वाळवायचे स्टँड, मोडक्या खुर्च्या, सगळं आत घ्या. पाण्याची टाकी मात्र काठोकाठ भरा. रिकामी टाकी वारा उचलतो, ५०० लिटर पाणी असलेली जागची हलत नाही. आणि गच्चीतलं पाणी जायची जाळी हाताने साफ करा. गुलमोहराची बारीक पानं तिथे चिकटून बसतात, मग तुंबलेलं पाणी जिन्यातून घरात उतरतं.

लाइट गेली की मोटर बंद, म्हणून पिण्याचं पाणी माणशी रोजचं तीन-चार लिटर धरून तीन दिवसांचं भरून ठेवा. नंतर नळाला गढूळ पाणी आलं तर नुसत्या तुरटीवर भागवू नका. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळाच. मोबाइल, बॅटरी, इन्व्हर्टर चार्ज करा. दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा असला की चूल पेटली नाही तरी पोरं उपाशी राहत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या आणा. आधार, सातबारा, पॉलिसी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर. घरात पाणी शिरायची चिन्हं दिसली की पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करा. तुटलेल्या तारेजवळ कुणी जाऊ नये. महावितरणला १९१२ वर, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा.

गावाकडे कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांदा असेल तर आजच फोन करून ताडपत्री नीट आवळून बांधायला सांगा.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघतो: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. ४ ऑगस्ट २०१९ च्या पुराची आठवण अजून ताजी आहे. सराफ बाजार, भांडी बाजार, नदीकाठच्या गल्ल्या इथे राहणाऱ्यांनी पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत चढायची वाट बघू नये. पूर बघायला होळकर पुलावर तर मुळीच जाऊ नये.

जुन्या वाड्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मातीच्या भिंती दोन दिवस पाणी पितात आणि मग रात्री बसतात. आमची मावशी अशाच वाड्यात एकटी राहते. “माझं काय व्हायचंय, इथे उभा जन्म गेला,” असं म्हणते. तिला फोनवर समजावत बसत नाही. उजेडी रिक्षा घेऊन जातो, तिचा बाळकृष्ण डबीत घालतो, गोळ्यांचा डबा उचलतो आणि म्हणतो, “मावशी, चला, पाऊस थांबेपर्यंत आमच्याकडे.” देव आधी उचलला की ती चपला शोधायला लागते.