लहान मुलांना घेऊन दोन दिवसांची मुंबई: बेत कसा आखावा

पुण्यातल्या घरात मुंबईचा विषय निघाला की यादी सुरू होते. राणीची बाग, गेटवे, चौपाटी, हँगिंग गार्डन, जमलं तर घारापुरी, आणि 'एवढं जातोच आहोत तर' सिद्धिविनायक. नुसती मोठी माणसं असतील तर हे सगळं दोन दिवसांत उरकतंही. सोबत तीन आणि सहा वर्षांची पोरं असली की मात्र ती यादी अर्धी करायची, उरलेली पुन्हा अर्धी करायची, आणि मगच तिकिटं काढायला बसायचं. दिवसाला एक मोठं ठिकाण, एक छोटी मजा आणि मधे दुपारची झोप. सात वर्षांखालच्या मुलांना याहून जास्त झेपत नाही, आणि त्यांना झेपलं नाही की आपल्यालाही झेपत नाही.

१. तारीख ठरवा, पण जोडून सुट्टी टाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे आणि ऑक्टोबरात मुंबईचा घाम मुलांना चिडचिडं करतो. जुलैचा पाऊस आपल्याला रोमँटिक वाटत असला तरी ओल्या बुटांतल्या मुलाला तसं वाटत नाही. सोमवार-शुक्रवार जोडून आलेली सुट्टी तर नकोच, कारण तेव्हा अख्खा महाराष्ट्र तुमच्यासारखाच विचार करत असतो.

२. परतीचं तिकीट आधी काढा

शनिवारी सकाळी जायचं तिकीट त्या मानाने मिळून जातं. रविवार संध्याकाळचं परतीचं मिळणं अवघड, म्हणून सुरुवात तिथून करा. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं.

गाडीने जाण्यापेक्षा रेल्वेच बरी. एक्स्प्रेस-वेवर घाटात एखाद्याला मळमळायला लागलं, दुसऱ्याला नेमकी तेव्हाच शू लागली, की पुढचा फूड मॉल किती लांब असतो ते कळतं. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. परत संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी निघून साडेआठपर्यंत पुण्यात. तिकीट काढताना वेळ एकदा ताडून घ्या, पण मुलांच्या जेवणा-झोपेच्या दृष्टीने ही जोडी छान बसते. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीत डायनिंग कार आहे. घरच्या डब्यातली पोळी नाकारणारं मूल तिथे टोस्ट आणि ऑम्लेट मात्र मुकाट्याने खातं. लोणावळा सोडलं की मुलांना बोगदे मोजायला बसवा, कर्जतपर्यंत चिंता नाही.

तिकिटाचा हिशेब: पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. चेअर कारमध्ये पाच ते बारा वयाला पूर्ण भाडं भरून जागा घ्यावी लागते. साडेचार वर्षांचं दणकट मूल तीन तास मांडीवर घेऊन बसून पाहा, मग त्याचंही पूर्ण तिकीट काढणं महाग वाटणार नाही.

३. मुक्काम एकाच भागात

इथे एक नाजूक प्रश्न येतो. 'बोरिवलीला आत्या आहे ना, मग हॉटेल कशाला?' आत्या प्रेमाने करेल सगळं, पण बोरिवलीहून दक्षिण मुंबईत येण्या-जाण्यात तुमचे दोन-तीन तास रोज जातील, दुपारी मुलांना झोपवायला परत जाता येणार नाही, आणि शनिवारची रात्र फोटो-अल्बम पाहण्यात संपेल. आत्याकडे जायचं तर खास आत्याकडेच जा, तो वेगळा बेत. या बेतासाठी फोर्ट, चर्चगेट किंवा कुलाब्यात खोली घ्या.

हॉटेलला फोन करून चार गोष्टी विचारा. लिफ्ट आहे का, कारण फोर्टातल्या जुन्या इमारतींत काही हॉटेलं वरच्या मजल्यांवर असतात आणि जिना उभा असतो. जादा गादी मिळेल का आणि तिचे किती. खोलीत किटली आहे का, म्हणजे सकाळचं दूध सुटलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चेक-इन आणि चेक-आउटच्या वेळा. अकराला पोचल्यावर खोली तयार नसली तरी सामान ठेवून घेतील का, आणि रविवारी तीनपर्यंत खोली थोड्या जादा पैशांत ठेवता येईल का. हा दुसरा प्रश्न बहुतेकांना रविवारी दुपारी बारा वाजता काउंटरसमोर आठवतो. तेव्हा एक मूल खांद्यावर झोपलेलं असतं आणि गाडीला पाच तास असतात.

उशिराचं चेक-आउट नाहीच मिळालं तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्या.

४. शनिवार: संग्रहालय, झोप, चौपाटी

सामान टाकलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. नाव ऐकून 'मुलांना संग्रहालयात काय कळणार' असं म्हणू नका. आवारातच २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे, आणि मुख्य इमारतीत पेंढा भरलेल्या प्राणी-पक्ष्यांचं दालन. मूर्ती आणि लघुचित्रं यांच्यापुढून सरळ पुढे जा. मोठ्यांपैकी एखाद्याला ती पाहायचीच असतील तर पाळ्या लावा, एकाने मुलांबरोबर बागेत थांबायचं. दीड तास पुरे. मुलं कंटाळायच्या आधी बाहेर पडायचं, कंटाळल्यावर नाही.

जेवण साडेबाराला. दीड वाजल्यावर चांगल्या हॉटेलांबाहेर रांग लागते आणि भुकेलं मूल रांगेत उभं राहत नाही. मग खोलीवर, पडदे ओढून, सगळ्यांनी आडवं व्हायचं. 'आम्ही काय झोपायला आलोय का मुंबईला?' असं आजोबा म्हणतील. त्यांना गेटवेला फिरून यायला सांगा.

साडेचारला डबल डेकर. पुण्याच्या मुलांना याचं केवढं अप्रूप असतं ते कमी लेखू नका. बेस्टच्या जुन्या डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, पण त्याच वर्षी फेब्रुवारीपासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबल डेकर रस्त्यावर आल्या. ११५ क्रमांकाची बस सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटचं कला केंद्र) अशी सुरू झाली होती. सुटते तिथेच चढा, म्हणजे वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढची काच मिळते. ही फेरी आणि नंतरची चौपाटी, हीच दिवसभराची छोटी मजा.

पुढे चर्चगेटहून धीम्या लोकलने दोन स्टेशनं, चर्नी रोड, आणि समोर गिरगाव चौपाटी. मुलांना वाळू द्या आणि तासभर काही सुचवू नका. जुने कपडे, रिकामी प्लास्टिकची डबी आणि एक चमचा एवढी तयारी पुरते. पाण्यात पाय भिजवण्यापलीकडे जाऊ देऊ नका. भेळ बिनतिखटाची सांगून करून घ्या. गोळा मात्र नको, बर्फ कुठल्या पाण्याचा ते कोणी सांगत नाही. अंधार पडला की मरीन ड्राइव्हचे दिवे दिसतात, तेवढे पाहून टॅक्सीने खोलीवर.

५. रविवार: राणीची बाग, दार उघडताना

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात रविवारी अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. साडेनऊला दार उघडतं तेव्हा तिथे असा. सीएसएमटीहून भायखळा धीम्या लोकलने तिसरं स्टेशन, आणि रविवारी सकाळी लोकल इतकी मोकळी असते की मुलांना खिडकी मिळते. आईबरोबर बारा वर्षांखालचा मुलगा लेडीज डब्यातही चालतो. रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चारच्या मधे. शनिवारी रात्रीच रेल्वेची सूचना पाहून ठेवा आणि परतीला टॅक्सीची तयारी ठेवा.

आत गेल्यावर थेट पेंग्विनकडे जा. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि अजूनही सगळ्यांत लांब रांग त्यांचीच. आतला भाग थंडगार असतो. काचेशी सहा वर्षांचं मूल नाक लावून उभं राहतं, तीन वर्षांच्याला उचलून घ्यावं लागतं, म्हणून पाठीवरची बॅग आधीच दुसऱ्याकडे द्या. मग वाघ, मग जे वाटेत येईल ते. सगळे पिंजरे पाहायचा अट्टहास नको. बागेत जुनी मोठी झाडं आहेत, सावलीत बसून केळी आणि दशम्या खाण्यातही अर्धा तास छान जातो. साडेअकरा-बाराला बाहेर.

शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सुंदर आहे, पण त्याच दिवशी मुलांना तिथे ओढू नका.

पाऊस किंवा फार ऊन असेल तर राणीच्या बागेऐवजी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. तिथे बटणं दाबायला, चाकं फिरवायला मोकळीक असते, म्हणून पाच वर्षांवरची मुलं जास्त रमतात. भुयारी मेट्रोचं 'विज्ञान केंद्र' नावाचं स्टेशनच आहे, आणि लिफ्ट असल्याने बाबागाडीही नेता येते. लोकलने जाणार असाल तर बाबागाडी घरी ठेवा आणि मूल बांधायचं कॅरियर घ्या.

६. काय सोडायचं

घारापुरी. लाँचने तासभर जायला, तासभर यायला, आणि वर शंभरहून जास्त पायऱ्या. सात-आठ वर्षांची झाली की न्या. समुद्रावर जायची हौस असेल तर गेटवेहून बंदरातली छोटी फेरी करा, मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळालं तरच. तारापोरवाला मत्स्यालयाच्या आठवणी तुमच्या असतील, पण ते गेली काही वर्षं बंद आहे. कुठल्याही ठिकाणी निघण्याआधी ते उघडं आहे ना, एवढं त्याच आठवड्यात तपासा. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट मुलांना आवडतो, पण तो तिसऱ्या दिवसासाठी.

७. पिशवी आणि हरवण्याची तयारी

प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जादा जोड पाठीवरच्या पिशवीत, सूटकेसमध्ये नव्हे. पाण्याच्या बाटल्या, ओआरएस, डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, ओले रुमाल, दोन कॅरीबॅग. सुका खाऊ घरचा. बाहेर पडताना भेटेल त्या स्वच्छ ठिकाणी सगळ्यांनी शू करून घ्यायची, लागली असो वा नसो.

रोज सकाळी निघण्यापूर्वी मुलांचा फोटो काढा, म्हणजे आज अंगात कुठला शर्ट आहे हे घाबरलेल्या क्षणी आठवावं लागत नाही. मनगटावर बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा. मुलांना एकच सांगा: हरवलास तर आहेस तिथेच थांब, आम्ही मागे येतो. मोठ्यांनी १०९८ ही चाइल्डलाइन आणि रेल्वेचा १३९ हे नंबर फोनमध्ये टाकून ठेवावेत.

८. परतीचा रविवार

साडेचारला सीएसएमटीवर असा. कर्जतला घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं तर तिथपर्यंत जागी राहतात. जेवण गाडीतच उरका, पुण्याला पोचून कोणी स्वयंपाक करत नाही. लोणावळ्यानंतर नाइट ड्रेस चढवा. रिक्षा किंवा कॅब शिवाजीनगर-पुणे स्टेशनच्या गर्दीत शोधण्यापेक्षा कोणाला तरी न्यायला बोलवा. आणि सोमवारची दप्तरं शुक्रवारीच भरून ठेवा, रविवारी रात्री नऊ वाजता चित्रकलेची वही सापडत नाही.