डिस्कसची पिल्लं आणायची? मासे यादीत सगळ्यात शेवटी

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. त्याला पाणी लागतं कोमट, पिल्लांना तर २९-३० अंशांचं. आणि आपण राहतो नाशकात, जिथे थंडीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो आणि शेजारी निफाडला द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यामुळे दुकानात लालबुंद किंवा निळी रेघोटीदार पिल्लं दिसली म्हणून लगेच पिशवीत भरून आणू नका. घरात आधी किमान महिनाभर पाणी सांभाळायचं आहे, तेही एकही मासा नसताना.

टाकी आधी ठरवा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घेतली तर काठोकाठ १९० लिटर होते, प्रत्यक्षात १७० च्या आसपास पाणी राहतं. काच, पाणी आणि स्टँड मिळून दोनशे किलोंच्या वर वजन, म्हणून शोकेसच्या फळीवर ठेवायचा विचार सोडा. टाकीखाली थर्माकोलचा शीट हवाच, मागच्या आणि बाजूच्या काचांनाही थंडीपुरता लावा, वर झाकण ठेवा. तळाला वाळू-गोटे काही नकोत. रिकामा तळ दिसायला भकास असतो, पाहुणे विचारतातही की झाडं कुठे गेली, पण पिल्लांची शी आणि उरलेला चारा रोज सायफनने ओढून काढायचा तर काचेसारखा तळ नाही. सजावट वर्षभराने करा. तोवर एखादं लाकूड किंवा कुंडीतलं झाड आत उभं केलं तर पुरे, घाबरलेल्या पिल्लाला मागे लपता येतं.

हीटर एक मोठा न घेता १५० वॅटचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा निभावतो, एक चालूच राहिला तर पाणी उकडायला वेळ लागतो आणि तोवर तुमचं लक्ष जातं. थर्मामीटर वेगळा लावा, हीटरवरच्या आकड्यावर विश्वास टाकू नका. आता विजेचं. मागे एका जानेवारीत रात्री अकराला गेलेली वीज सकाळी सहाला आली. आम्ही रजया ओढून गाढ झोपलेलो, टाकीतलं पाणी २३ अंशांवर. पिल्लं काळी पडून, पर मिटून एका कोपऱ्यात गोळा झाली होती. त्यातलं एक पंधरवड्यात गेलं, बाकीची सावरली. तेव्हापासून पाण्यात हवा सोडणारा एअर पंप इन्व्हर्टरवर आहे. तो जेमतेम चार-पाच वॅट खातो, रात्रभर चालला तरी बॅटरीला जाणवत नाही. हीटर मात्र बॅटरी झपाट्याने खातात, म्हणून ते इन्व्हर्टरवर टाकायचे की नाही हे बॅटरी बघून ठरवा. काही जमलं नाही तर टाकीवर जुनी गोधडी टाका. वरून हवेला थोडी फट सोडली की गोधडी बरंच काम करते. उन्हाळ्यात प्रश्न उलटा. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एप्रिल-मे साठी एक जादा एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड, आणून ठेवा.

फिल्टर म्हणून एअर पंपाच्या हवेवर पाणी स्पंजातून ओढणारे दोन मोठे स्पंज फिल्टर बसवा आणि ते रिकाम्या टाकीत चालू करा. हा यादीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि बहुतेकांची पिल्लं मरतात ती इथेच घाई केल्यामुळे. माशाच्या शीतून आणि कुजणाऱ्या चाऱ्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं थोडं असेल तर चालतं. हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात, पाणी गरम असेल तर थोडं लवकर. रोज चिमूटभर माशांचा चारा टाकून तो कुजू द्या, म्हणजे त्यांना खायला मिळतं. द्रवाचे थेंब टाकून रंग बघायचा टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. मित्राच्या टाकीतला जुना स्पंज आणला तर वेळ वाचतो, पण त्या टाकीत एंजल फिश असतील तर आणू नका. एंजल फिश स्वतः ठणठणीत दिसतात आणि डिस्कसला घातक ठरणारे परजीवी अंगावर वागवतात. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला की महिनाभराची मेहनत क्लोरीनने गेली.

पाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण पिल्लू आणि मोठा डिस्कस यांत खरा फरक इथे आहे. मोठा मासा आठवड्यातून दोनदा पाणी बदलून चालवून घेतो. पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं, म्हणजे तितकीच घाण, म्हणजे रोज ३० ते ४० टक्के पाणी बदलणं आलं. १७० लिटरच्या टाकीत हे साधारण पंधरा लिटरच्या चार बादल्या झाल्या, रोज. हे जमणार नसेल तर पिल्लं आणू नका, सरळ मोठे मासे घ्या, महाग पडले तरी. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. शंभर लिटरचा प्लास्टिकचा ड्रम घ्या, त्यात पाणी भरून चोवीस तास एअर स्टोन आणि एक छोटा हीटर सोडा. गरम करणं विसरलात तर हिशेब असा: टाकीत २९ अंश, ड्रममध्ये २०, आणि तुम्ही ४० टक्के बदललंत, तर टाकी एका झटक्यात २५.४ वर येते. साधा क्लोरीन चोवीस तासांत उडतो, तरी सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे दुकानात अँटिक्लोर म्हणून मिळणारे खडे घरात असू द्या. पावसाळ्यात तर हवेतच. गंगापूर धरणाचं पाणी गढूळ झालं की नळाला क्लोरीनचा वास वाढल्याचं नाकालाच कळतं. गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुराच्या पाण्यात गेली की आमच्याकडे ड्रम एकाऐवजी दोन दिवस ठेवतो.

बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळातून येतं, बहुधा जड, म्हणजे क्षारांचं असतं, पीएचही (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) चढा. दुकानात वाढलेल्या डिस्कसला साडेसात पीएच सोसतो, जंगलातल्यासारखं मऊ आम्ल पाणी त्याला लागतंच असं नाही. पण पीएच एकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून चढ्या पीएचला अमोनिया ‘थोडासा’ चालत नाही. नुसतं आरओचं पाणीही वाढत्या पिल्लांना नको, त्यात खनिजं उरत नाहीत. नळाच्या पाण्यात थोडं मिसळायला ठीक. आणि आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा, टाकीत नाही.

चारा आणून ठेवा. बारीक दाण्यांचा डिस्कसचा तयार चारा, फ्रीझरमध्ये ब्लडवर्मच्या (लाल अळ्यांच्या) वड्या, आणि जमलं तर आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची अंडी. लिटरभर पाण्यात साधारण २५-३० ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ घालून हवा सोडली की दिवसाभरात ती फुटतात, त्यातून निघालेली पिल्लं गाळून गोड्या पाण्यात धुऊन घालायची. जिवंत ट्युबिफेक्स हा बारीक किडा कितीही स्वस्त मिळो, नको. तो गटाराच्या गाळात वाढतो. परदेशात बैलाच्या हृदयाचा कुटून चारा करतात, आपल्याकडे सोललेली कोलंबी, पालक आणि थोडी लसूण वाटून पातळ थर गोठवला की काम भागतं. त्यासाठी मिक्सरचं भांडं वेगळं घ्या. एकादशीच्या दिवशी आईला चटणीच्या भांड्यात कोलंबीचा वास आला, त्यानंतर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खायला घातल्यावर पंधरा मिनिटांत उरलेलं सगळं काढायचं.

आता मासे. सहा तरी घ्या, दोन-तीन असले की एक दादागिरी करतो आणि कमकुवत पिल्लू उपाशी राहतं. पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा लहान घेऊ नका. डोळा शरीराच्या मानाने मोठा दिसत असेल तर ते पिल्लू वयाने मोठं पण खुरटलेलं आहे, पुढे वाढायचं नाही. दोन्ही कल्ले सारखे हलतात का बघा, एकच हलत असेल तर कल्ल्यात कृमी असण्याची शक्यता. पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी शी दिसली तर पोटात परजीवी असल्याची शंका घ्या. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. न खाणारं पिल्लू फुकट मिळालं तरी ठेवून या.

मुंबईहून आणत असाल तर पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, कसारा घाटात थंडीत गाडीच्या डिकीत नव्हे तर आत, पायाशी. घरी आल्यावर दिवे बंद. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो. बंद पिशवीत पीएच उतरलेला असल्यामुळे तो फारसा बाधत नाही, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. म्हणून उघडल्यावर रेंगाळू नका, जाळीने पिल्लं टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी खायला काही घालायचं नाही. रात्री एकदा थर्मामीटर बघा, ड्रम भरून ठेवा, सकाळी पहिल्या बादल्या लागतीलच.