मुलांना कामाचा अनुभव देताना शाळा कुठे चुकतात? या चुका टाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी १० दिवसांचा दप्तराविना कालावधी सुचवलेला आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावे आणि अशी संधी पुढे बारावीपर्यंत, सुट्टीतही मिळावी, असे त्यात म्हटले आहे. आमच्या तालुक्याच्या गावातील शाळेत आम्ही काही वर्षांपासून नववीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत सकाळी १० ते १ या वेळेत गावातील व्यावसायिकांकडे पाठवतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

जागा ठरते, काम ठरत नाही

सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि बाकीच्या अर्ध्या अडचणी तिच्यातूनच निघतात. पहिल्या वर्षी आम्ही दुकानदारांना शाळेच्या लेटरहेडवर पत्रे दिली आणि त्यांत ‘विद्यार्थ्यास आपल्या व्यवसायाची ओळख करून द्यावी’ असे लिहिले. परिणामी बरीच मुले तीन दिवस स्टुलावर बसून राहिली, चहा आणत राहिली आणि चौथ्या दिवशी गेलीच नाहीत. दोष दुकानदारांचा नव्हता. ज्याच्या दारात शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार टाकून ‘आजच पाहिजे’ म्हणत उभा आहे, त्याने हातातले काम सोडून व्यवसायाची ‘ओळख’ नेमकी कशी करून द्यायची?

दुसऱ्या वर्षी पत्राऐवजी आम्ही प्रत्येक दुकानात तासभर जाऊन बसलो आणि एकच प्रश्न विचारला: मुलाकडून चुकले तर मोठे नुकसान होणार नाही, पण चूक लगेच दिसेल, असे तुमच्याकडे कोणते काम आहे? मोटार रिवायंडिंगच्या मिस्त्रींनी थोडा विचार करून सांगितले, “वेढे मोजू दे.” जळालेल्या मोटारीची जुनी कॉइल काढताना तिच्यात किती जाडीच्या तारेचे किती वेढे आहेत, हे आधी मोजून लिहून ठेवावे लागते, कारण नवी कॉइल त्याच आकड्यावर भरायची असते. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की अशा मोटारींची दुकानात रांग लागते.

आमच्या विद्यार्थ्याने व्हार्निशच्या करपट वासात बसून पहिल्यांदा मोजले तेव्हा ५७ वेढे भरले आणि त्याच गुच्छात दुसऱ्यांदा ६१. मिस्त्रींनी काही न बोलता दोऱ्याची गुंडी त्याच्यापुढे सरकवली. दर दहा वेढ्यांना दोरा बांधत मोजल्यावर आकडा ६० आला, पुन्हा मोजला तरी तोच आला आणि तो वहीत लिहिला गेला. ५७ च धरले असते तर काय झाले असते, असे मुलाने विचारले. त्यावर मिस्त्री म्हणाले, “वेढे कमी पडले की मोटार जास्त करंट ओढते बाळा, तापते आणि पंधरा दिवसांत परत माझ्याच दारात येते.” नववीच्या विज्ञानातील ‘धाराविद्युत’ हा पाठ या मुलाला आम्ही आधी शिकवलेला होता. परंतु आपण मोजलेल्या आकड्यावर कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चालणार आहे, ही जाणीव त्या पाठात नव्हती.

म्हणून मुलाला पाठवण्यापूर्वी एक काम, ते तपासणारी एक व्यक्ती आणि चूक कशी कळेल, या तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. औषधांच्या दुकानात मुदत संपत आलेली पाकिटे वेगळी काढणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे व उगवलेली रोपे मोजणे, छापखान्यात लग्नपत्रिकेचे प्रूफ मूळ मजकुराशी ताडून पाहणे, ही कामे आमच्याकडे चांगली चालली. हंगामही पाहावा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शिंप्याकडे किंवा मिठाईच्या दुकानात मूल पाठवणे हा त्या दुकानदारावर अन्याय आहे. मराठीत यासाठी ‘उमेदवारी करणे’ हा नेमका शब्दप्रयोग होता. आता उमेदवारी म्हटले की लोकांना फक्त निवडणूक आठवते.

अनुभवाची जागा वस्तूने घेणे

कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा अशी शिफारस केली होती. त्याआधी १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी उत्पादक कामाभोवती शिक्षणाची मांडणी सुचवली होती. या विचाराचे आपल्या शाळांत काय झाले, हे ज्यांनी कार्यानुभवाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानातून क्रेपच्या कागदी फुलांचे तयार तोरण आणले आहे, त्यांना सांगण्याची गरज नाही. तोरण कुणाच्या दाराला लागणार होते, हा प्रश्नच कधी आला नाही. याउलट डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने शाळांसाठी जो तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम घडवला, त्यात मुलांनी गावाला उपयोगी पडणाऱ्या सेवा देत शिकावे, यावर भर आहे. काम कुणाला तरी हवे असले, म्हणजे ते नीट होण्याची गरज मुलाला आपोआप पटते.

वय आणि वेळ न पाहणे

येथे हयगय चालणार नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे, आणि घरच्या उद्योगातील मदतीसारखे अपवाद मोजकेच आहेत. १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांपासून दूर ठेवणे बंधनकारक आहे. त्यांना कामावर घेतले तरी सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नको, त्यानंतर तासाभराची विश्रांती हवी, विश्रांती धरून दिवस सहा तासांपलीकडे जाता कामा नये आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देता येत नाही. आपला उपक्रम शिक्षणाचा आहे, नोकरीचा नाही, असे म्हणून या मर्यादा बाजूला सारू नयेत. उलट त्यांच्याही आतच राहावे. सहावी-सातवीच्या मुलांना एकटे दुकानात पाठवूच नये. शिक्षकांनी त्यांना गटाने न्यावे किंवा कारागिरालाच शाळेत बोलवावे. मुलगा असो वा मुलगी, बंद शटरच्या आत किंवा एकाच व्यक्तीसोबत मूल बसणार नाही, ही अट आम्ही तोंडी न ठेवता लेखी घेतो.

आडनाव पाहून जागा वाटणे

ही चूक कुणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ती लवकर लक्षात येत नाही. आमच्या एका यादीत कुंभाराचा मुलगा कुंभाराकडे, चार मुली शिवणकामाला व दोन ब्युटी पार्लरला आणि डॉक्टरांचा मुलगा मेडिकलमध्ये गेला होता. यादी करणाऱ्या शिक्षकांना, म्हणजे मलाच, ती ‘सोयीची’ वाटली होती. ज्या कामातून मुलाला नवे जग दिसायचे, त्यातून आपण त्याला त्याच्याच घरात परत पाठवत होतो, हे यादी फळ्यावर लावल्यावर एका मुलीने मला विचारले तेव्हा उमगले. तिचा प्रश्न साधा होता: “सर, मोटारीच्या दुकानात मुली चालत नाहीत का?” आता चिठ्ठ्या काढून जागा ठरतात आणि अदलाबदल करायची असेल तर कारण लिहून द्यावे लागते.

पालकांची तक्रार मात्र उलट्या बाजूने येते. “पोराला गॅरेजात घालायचं असतं तर शाळेत कशाला घातलं असतं?” असे एका आईने सुनावले, तेव्हा तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्या वाक्यामागे तिच्या घरातील दोन पिढ्यांची मजुरी होती. मुलाला तेथे दहा दिवस काय करायचे आहे, हे आम्ही तिला लेखी दाखवले आणि एक दिवस दुकानात येऊन बघण्यास सांगितले. ती आली, बघून गेली, काही बोलली नाही. मूल मात्र उरलेले दिवस नियमित गेले.

नोंदवहीत आनंद भरणे

‘आज मी दुकानात गेलो. मला खूप आनंद झाला.’ या दोन वाक्यांनी भरलेल्या वह्या तपासून कंटाळल्यावर आम्ही आनंदावर बंदी घातली. आता मुलाने रोज तीनच गोष्टी लिहायच्या असतात: आज काय बिघडले किंवा चुकले, आज कोणता आकडा लिहिला किंवा मोजला, आणि कोणाला काय विचारले. सुट्टी संपल्यावर विज्ञान व गणिताच्या शिक्षकांनी या वह्या वाचून त्यांतला एखादा प्रश्न वर्गात घ्यावा, अन्यथा दुकान आणि वर्ग यांच्यात काही नाते आहे, हे मुलांना कळत नाही.

तरीही अडले तर

मूल दुसऱ्या दिवशी जायला नको म्हणत असेल, तर आधी एकांतात कारण विचारावे. कंटाळा असेल तर काम बदलावे, भीती असेल तर जागाच बदलावी, आणि त्याची चर्चा स्टाफरूममध्ये करू नये. मूल इतके रमले की शाळा नको म्हणू लागले, तर त्या कारागिरालाच बोलते करावे. आमच्या मिस्त्रींनी एका मुलाला जाडजूड कॅटलॉग पुढे ठेवून वाचायला लावला आणि तो इंग्रजीत अडखळल्यावर “मीही इथेच अडतो,” एवढेच सांगितले. मुलाने हट्ट सोडला.

दुकानदार ‘पुन्हा पाठवू नका’ म्हणाला, तर बहुधा काही तरी नासलेले असते. अशा वेळी मुख्याध्यापकांनी पत्र न पाठवता स्वतः जावे आणि नासलेल्या मालाचे पैसे शाळेने द्यावेत. एका शिंप्याकडे आमच्या विद्यार्थ्याने गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही उलटी कापली होती. कापडाचे पैसे आम्ही दिले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा मुलगा घेतला, पण कात्री त्याच्या हाती दिली नाही. काजे-बटणांवरच बसवले, आणि ते योग्यच होते.