इफ्फीला पहिल्यांदा जाताय? दिवसाला तीनच सिनेमे बघा

माझ्या वहीत २३ नोव्हेंबरच्या पानावर एवढंच लिहिलंय : 'म्हातारा. बर्फ. कोट उलटा घातलेला. कुत्रा??' हा म्हातारा कुठल्या सिनेमातला, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी पाच सिनेमे बघितले होते. सकाळी नऊला आत शिरले, ती रात्री साडेबाराला बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला गोष्टी सांगायला बसले, तर एका सिनेमातली बाई बिनधास्त दुसऱ्या सिनेमातल्या घरात राहायला गेली!

तेव्हा मी जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला होते. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे आपला इफ्फी, १९५२ साली मुंबईत सुरू झाला आणि २००४पासून पणजीत भरतो, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. तिथे दिवस कसा काढायचा हे कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

आधी कटकटीचं उरकू. अलीकडे महोत्सव बहुतेक २० ते २८ नोव्हेंबरला असतो, म्हणजे कित्येकांच्या सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर. विभागप्रमुखांशी ऑक्टोबरातच बोलून ठेवा. विद्यार्थ्यांची डेलिगेट, म्हणजे महोत्सवाचे प्रतिनिधी म्हणून, नोंदणी वेगळी असते, तिला कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र लागतं. माझ्यावर गेल्या वर्षीचं चुकून अपलोड केल्याने सगळं पुन्हा भरायची वेळ आली. रेल्वेने येणार असाल तर करमाळीला उतरा, पणजीला तेच जवळ. राहायची सोय मात्र आधी करा. मी नंतर केली, आणि रोज रात्री शेवटच्या बसच्या भीतीने सिनेमाचा शेवट अर्धवट बघितला.

आता महत्त्वाचं. वेळापत्रक हातात आलं की नवखा माणूस नावं बघतो. मी तेच केलं. नावाजलेल्या दिग्दर्शकांचे सिनेमे रंगवले आणि वाटलं, झालं नियोजन. पण वेळापत्रकात नावाइतकंच ठिकाण वाचायचं असतं. आयनॉक्स, त्याच आवारातली जुन्या जीएमसीची (गोवा मेडिकल कॉलेजची) इमारत आणि मॅकिनेझ पॅलेस ही सगळी हाकेच्या अंतरावर. कला अकादमी तिथून कांपालच्या रस्त्याने चालत जाण्यासारखी, आणि मांडवीच्या कडेने जाताना डोळ्यांना जरा विश्रांतीही मिळते. पर्वरीची थिएटरं मात्र नदीपलीकडे. दोन खेळांमध्ये पाऊण तास ठेवून मी पर्वरीला निघाले आणि मांडवीच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत बसून राहिले. पोचले तेव्हा दार बंद. ज्या दिवशी पर्वरीला जायचं, त्या दिवशी सलग दोन-तीन खेळ तिथलेच घ्या.

तिकिटं ऑनलाइन आधी आरक्षित करायची असतात आणि गाजलेल्या नावांची बघता बघता संपतात. ती संपली की आपल्याला वाटतं, दिवस वाया. तसं नसतं. आरक्षण नसलेल्यांची वेगळी रांग लागते, रश लाइन. आतल्या जागा रिकाम्या राहिल्या की या रांगेतल्या लोकांना आत सोडतात. मला विचाराल तर नवख्याने रोज एकदा तरी या रांगेत उभं राहावं. सिनेमांबद्दल सगळ्यात खरी माहिती तिथेच मिळते. केरळहून येणारे एक निवृत्त गृहस्थ मला रांगेतच भेटले. त्यांच्या घडी पडलेल्या वेळापत्रकावर प्रत्येक बघितलेल्या सिनेमापुढे एकच खूण होती : बरोबर किंवा फुली. त्यांच्या फुल्या मी डोळे झाकून टाळल्या आणि एकदाही पस्तावले नाही. (एका 'बरोबर'ला मात्र मी चक्क झोपले. तो दोष माझा.)

झोपेवरून सांगते, दिवसाला तीन सिनेमे पुरे. चौथा बघताना आपण फक्त सबटायटल वाचत असतो. मधल्या वेळात पाच ओळी लिहा, पण गोष्ट लिहू नका, ती कॅटलॉगमध्ये असतेच. कॅमेरा कुठे होता, आवाज कुठून आला, कुठल्या प्रसंगाला तुम्ही घड्याळ बघितलंत, हे लिहा. आणि पानाच्या डोक्यावर सिनेमाचं नाव! माझ्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.

सिनेमानंतरच्या प्रश्नोत्तरांत हात वर करण्याआधी प्रश्न मनात एकदा म्हणून बघा. मी आधी स्वतःची ओळख, मग सिनेमाची स्तुती, मग माझ्या प्रकल्पाची माहिती असं करत प्रश्नापर्यंत पोचले, तोवर दिग्दर्शिकेने पाण्याची बाटली उघडून, पिऊन, बंदसुद्धा केली होती. फिल्म बाजारच्या मागे पहिल्या वर्षी धावू नका. तो सिनेमांसाठी निर्माते नि खरेदीदार शोधण्याच्या व्यवहाराचा भाग आहे, नोंदणीही वेगळी. दाखवण्यासारखं हातात काही असेल तेव्हा जा.

त्यापेक्षा इंडियन पॅनोरमातला, म्हणजे महोत्सवातल्या भारतीय सिनेमांच्या विभागातला, नॉन-फीचर भाग धरा. तिथे लघुपट आणि माहितीपट असतात, गर्दी बेताची असते, आणि ते करणारी मंडळी बऱ्याचदा आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. एका लघुपटानंतर बाहेर आले तर दिग्दर्शक पायऱ्यांवर एकटाच उभा होता. स्टेजवर मिळालेला गुच्छ काखेत. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "विहिरीजवळचं बोलणं नीट ऐकू आलं का?" नव्हतं आलं. मी चाचरत तसं सांगितलं. तो तिथेच पायरीवर बसला आणि तो प्रसंग वाऱ्यात कसा चित्रित केला, डबिंगला पैसे का उरले नाहीत, मग विहिरीतला रहाटाचा आवाज मुद्दाम का वाढवला, हे सगळं सांगत गेला. रहाटाचा आवाज तोंडाने काढूनही दाखवला.

घड्याळ बघितलं तेव्हा माझा पुढचा आरक्षित सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. माझी जागा रश लाइनमधल्या कोणाला तरी मिळाली असणार.