वजनाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर: हार्मोन्स, जनुकं आणि तपासण्या

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात. भुकेचं हार्मोन घ्रेलिन मुख्यतः ज्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, तोही त्यात जातो. बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात) अन्न आतड्याच्या पुढच्या टप्प्यात लवकर पोहोचतं, त्यामुळे जेवणानंतर जीएलपी-1 आणि पीवायवाय ही भूक शमवणारी आतड्याची हार्मोन्स जास्त स्रवतात. पोट लवकर भरतं ते यामुळेही. नुसत्या छोट्या पिशवीमुळे नव्हे.

शस्त्रक्रियेआधी टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) करा. कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनची तपासणी सरसकट सगळ्यांची नको; ते फार जास्त झालं तरी वजन वाढतं. पण पोटावर रुंद जांभळे चट्टे, जरा लागलं की काळंनिळं, खुर्चीतून उठताना मांड्यांत ताकद नाही, अशी लक्षणं असतील तर रात्री 11 वाजता डेक्सामेथासोन (निरोगी शरीरात कॉर्टिसॉल दाबणारं औषध) 1 मिग्रॅ घेऊन सकाळी 8 वाजता रक्त द्या. कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर पुढचा तपास हवा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वाढलेला दिसतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

जनुकीय चाचणीवर उगाच पैसे घालू नका. वयाच्या पाच वर्षांच्या आत सुरू झालेला तीव्र लठ्ठपणा आणि न शमणारी भूक असेल, तरच ती कामाची. भुकेवर ताबा ठेवणाऱ्या एमसी4आर जनुकाची एकच प्रत सदोष असेल तरी बायपासनंतर वजन बऱ्यापैकी उतरतं. दोन्ही सदोष असतील तर फार आशा ठेवू नये. बाकीच्यांच्या बाबतीत असंख्य जनुकांचा थोडाथोडा हात असतो, एका अहवालावरून भाकीत होत नाही.

प्रगती टक्क्यांत मोजा. 120 किलोवरून 90 वर आलात, तर 30 भागिले 120, म्हणजे 25 टक्के. साधारण 12 ते 18 महिन्यांत काटा थांबतो. चरबी घटली की लेप्टिन (चरबीतून येणारं, भूक आवरणारं हार्मोन) उतरतं, मेंदू भूक वाढवतो. हा आळस नव्हे.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर वजनाबरोबर डोस कमी लागू शकतो, म्हणून टीएसएच पुन्हा करा. लोह-कॅल्शियम आणि ही गोळी यांत 4 तास अंतर हवं. केस गळतात म्हणून बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद. नाहीतर टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि डोस विनाकारण घटवला जातो.

पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) असेल तर पाळी काही महिन्यांतच नियमित होऊ शकते, आणि गर्भही राहतो. निदान 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळा. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका; कॉपर-टी किंवा इम्प्लांटचं (दंडाच्या कातडीखाली बसवायचं गर्भनिरोधक) शस्त्रक्रियेआधीच ठरवा.